दाजींची पेटी आणि मेहुण्याचे चारशे अठरा साचे

दाजींचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, म्हणे. मी पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांच्या ते लक्षात राहिलेलं नाही. एकदा त्यांच्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन पोस्टमन आला, तर दारावरच्या रखवालदाराने "असं कुणी इथे काम करत नाही" म्हणून त्याला परत पाठवलं. त्या वेळी दाजी रखवालदाराच्याच खुर्चीमागे उभे राहून त्याचा मोबाइल दुरुस्त करून देत होते. हे आपलंच नाव आहे हे त्यांनाही पोस्टमन कोपऱ्यावर वळल्यावर आठवलं, असं रखवालदार सांगतो. हे शेवटचं मला काही खरं वाटत नाही; पण रखवालदार इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतो की मध्येच तोडायला जीव होत नाही.

खरं म्हणजे ते दाजी एकट्या मेहुण्याचे. मेहुणा म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो एका कार्यशाळेत साचेकार आहे, आणि ती कार्यशाळा कृत्रिम पाय बनवते. पाय गमावलेला माणूस तिथे येतो, उरलेल्या भागाचा ठसा घेतात, त्या ठशात प्लास्टर ओतून साचा करतात आणि साच्यावरून एक पेला घडवतात. त्या पेल्यात माणसाने पाय घालायचा आणि चालू लागायचं. पेला दोन मिलिमीटर चुकला तर कातडी सोलवटते आणि माणूस पाय कोपऱ्यात उभा करून घरी बसतो. त्यामुळे साचेकाराला तिथे मोठा मान. बारा वर्षांपूर्वी कार्यशाळेला संगणक सांभाळणारा माणूस हवा होता, तेव्हा मेहुण्याने यांना हाताला धरून आणलं आणि प्रमुख बाईंपुढे उभं करून म्हणाला, "हे माझे दाजी." बाई दाजींपेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. पण त्याही म्हणाल्या, "या दाजी, बसा." झालं. त्या दिवसापासून पट्टे शिवणारी बाई, व्यायाम करून घेणारे, औषधं देणारा, पाय बसवून घ्यायला येणारे म्हातारे, सगळ्यांचे ते दाजी. त्यांची बायको म्हणते, "एक भाऊ सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले होते, आता बत्तीस झाले. माहेर एवढं मोठं असतं का कुणाचं?"

ही बायको म्हणजे मेहुण्याची ताई. ती मोटार चालवायला शिकवते. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. वीस वर्षं तो दाबून दाबून तिची अशी सवय झाली आहे की घरी खुर्चीवर बसली असतानाही कुणी नको ते बोलायला लागलं की तिचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला जातो. दाजी बोलताना तिच्या पायाकडे बघत असतात, असं त्यांच्या शेजाऱ्यांचं म्हणणं. शेजारी कोण, ते विचारू नका.

आता मेहुण्याविषयी. माणूस सोन्यासारखा, पण तक्रार केल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नाही. ट्यूबलाइट डोळ्यांवर येते, खिडकीतून वारा येतो, खिडकी लावली की वारा येत नाही. कामाला मात्र सकाळी सहाला हजर. बाकीचे आठला येतात. शांततेत प्लास्टर चांगलं बसतं, असं तो सांगतो. खरं कारण म्हणजे त्याच्या घरी तीन मुली आणि एकच न्हाणीघर आहे. पण ते दोन तास त्याचे सुखाचे, यात शंका नाही. सहा ते आठ तो, पाण्याचा नळ आणि पांढरी धूळ. तिसरं कुणी नाही.

त्याच्या खोलीमागे एक मोठी लांबट खोली होती आणि तिच्यात छपरापर्यंत फळ्या. फळ्यांवर अकरा वर्षांचे साचे. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने क्रमांक. मेहुण्याला प्रत्येक क्रमांकाचा माणूस ठाऊक. हा सायकली दुरुस्त करणारा, ही शाळेतली ग्रंथपाल, हा तो, जो दर वेळी पेला घट्ट आहे म्हणतो आणि सैल केला की सैल आहे म्हणतो. बाईंना मात्र ती खोली हवी होती. नवा पाय लावलेली माणसं चालण्याचा सराव करायची ती बाहेरच्या बोळात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. पडली तर सगळ्यांपुढे पडायची. बाईंना त्या खोलीत दोन्ही बाजूंना धरायचे दांडे बसवायचे होते, म्हणजे दार लावून सराव करता येईल. साच्यांची मापं यंत्राने टिपून संगणकात ठेवावीत आणि साचे फोडून टाकावेत, असा त्यांचा बेत. मेहुण्याने दोन वर्षं तो हाणून पाडला. म्हणायचा, "प्लास्टर हातात धरता येतं. तुमचं ते कुठून धरायचं, सांगा."

एकेक फळी करत जुने साचे गेले खरे, पण शेवटच्या चारशे अठरांवर तो अडून बसला. ही अशी माणसं की ज्यांना पुन्हा पुन्हा पेला बदलावा लागतो. त्यांची मापं गेली तर त्यांना शंभर शंभर कोसांवरून पुन्हा बोलवावं लागेल, आणि काही तर येणारच नाहीत, असं त्याचं म्हणणं. ते चुकीचंही नव्हतं.

इथे दाजींची पेटी येते.

वरच्या मजल्यावर कार्यशाळेचं एक मोठं संगणकयंत्र आहे. एकच यंत्र, पण त्याच्या पोटात चार यंत्रं नांदतात. एकात माणसांची मापं, एकात भेटींच्या वेळा, एकात पेले कोरणाऱ्या यंत्राच्या आकृत्या, एकात पत्रव्यवहार. हाताला लागत नाहीत, पण आपापल्या जागी खऱ्या यंत्रासारखी वागतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. दाजींनी मेहुण्याला समजावलं की एका घरात चार भाडेकरू आहेत असं समज. मेहुण्याने लगेच विचारलं, "आणि घर जळलं तर?" दाजी म्हणाले, त्याच्यासाठीच तर पेटी आणतोय.

पेटी म्हणजे नेटवर्कवरचा साठवणीचा सर्व्हर. टोपलीएवढं काळं खोकं, आत चार डिस्का, अशा मांडलेल्या की एक बिघडली तरी माहिती शाबूत राहावी. दाजींनी तिच्यासाठी तीन आठवडे माहितीपत्रकं वाचली. नवरदेवाची चौकशी करावी तशी चौकशी केली. मग ती वरच्या मजल्यावर न ठेवता मुद्दाम खाली, मेहुण्याच्या खोलीशेजारच्या छोट्या कोठीत ठेवली. वर पाणी गळलं किंवा आग लागली तरी खालचं वाचावं म्हणून. भिंतीला भोक पाडून वायर आणली. जमिनीपासून वीत-दीड वीत उंच फळी ठोकली. रोज सकाळी साडेसहाला वरच्या चारही भाडेकरूंची नक्कल वायरीतून खाली उतरायची आणि पेटीत जाऊन बसायची. साडेसातपर्यंत काम आटपायचं. दाजींच्या मोबाइलवर निरोप यायचा, त्यात एक हिरवी खूण.

साडेसहाच का? तर त्या वेळी यंत्रावर कुणाचंच काम नसतं म्हणून. कार्यशाळेत त्या वेळी एकच माणूस असतो, हे दाजी विसरले.

मेहुण्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की सहाला मी येतो आणि साडेसहाला तुमचं भूत घुमायला लागतं. डिस्का फिरू लागल्या की पेटी गुणगुणायची, फळीला कंप सुटायचा आणि तो भिंतीतून मेहुण्याच्या बाकापर्यंत जायचा. दाजींनी पेटीखाली रबर घातलं. दाराला जाड कापड लावलं. मेहुणा म्हणाला, आता भूत गोधडीतून बोलतं. वेळ बदला, असा त्याचा हट्ट. वेळ बदलता येत नाही, असा यांचा. दोन आठवडे रोज हे चाललं. एके दिवशी त्याने लेखी तक्रार दिली, तीही दाजींच्याच हातून बाईंकडे पाठवली. ताईकडे जेवायला गेला तरी हाच विषय. ताई फरशीवर ब्रेक दाबून दाबून थकली.

मग हळूहळू तो विषय मागे पडला. बाकीच्या तक्रारी जोमाने चालू होत्या, त्यामुळे ही एक गळाली हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मधल्या तीन आठवड्यांत शेवटच्या चारशे अठरा साच्यांची मापंही टिपून झाली. मेहुणा स्वतः एकेक साचा फिरत्या पाटावर ठेवायचा, आणि टिपून झाला की पुन्हा जागेवर नेऊन ठेवायचा. फोडायला हो म्हणाला नव्हता.

हो म्हणाला तो एका सोमवारी. बाईंनी दोघांना बोलावलं आणि दाजींना सरळ विचारलं की मापं दोन ठिकाणी आहेत ना? दाजी म्हणाले, "दोन ठिकाणी आहेत, बाई. वर आणि खाली." मेहुणा बराच वेळ नखांतलं प्लास्टर काढत उभा होता. मग म्हणाला, "दाजी म्हणतात ना, मग फोडा." शनिवार ठरला.

बुधवारी संध्याकाळी मेहुण्याची मधली मुलगी ताईच्या घरी पिशवीभर टोमॅटो देऊन गेली. मेहुणा गच्चीवर टोमॅटो लावतो, आणि ते कुणाला देत नाही. मोजून ठेवतो. शेजाऱ्यांना नुसते बघू देतो. त्याची आजवरची ही पहिली पिशवी. ताई पिशवीकडे बघतच राहिली. मग तिने भावाला फोन लावला आणि काय काय बोलणं झालं ते गुरुवारी सकाळी चहा पिताना दाजींना सांगितलं. "अहो, तुम्ही त्याच्यासाठी पेटीची वेळ बदललीत म्हणे. तीन आठवडे झाले, सकाळी आवाज नाही. तोंडाने आभार मानायचा नाही तो, माझ्या जन्मात नाही. पण बरं वाटलंय त्याला. बरं केलंत."

दाजींनी टोमॅटोची फोड तोंडात टाकली होती. ती तशीच गालात राहिली. म्हणाले, मी काहीच बदललेलं नाही.

दाजी ताडकन उठले, चपला उलट्या घालून निघाले, जिन्यात सरळ केल्या. सव्वासातला ते कोठीत पेटीला कान लावून बसले होते. त्या वेळी आत नक्कल उतरत असायला हवी होती. पेटी मात्र गाढ झोपली होती. काम नसलं की डिस्का थांबतात. पंखा तेवढा हळू फिरत राहतो, कापडामागून ऐकूही येत नाही. मोबाइल काढून बघतात तर साडेसातला निरोप आला. हिरवी खूण.

काय झालं होतं ते अर्ध्या तासात कळलं, आणि कळल्यावर दाजी कोठीतल्या उलट्या बादलीवर बसले. तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी दुपारी विजेचा कारागीर मुख्य बटण बदलायला आला होता. सगळं बंद केलं, मग सगळं एकदम चालू केलं. वरचं यंत्र लवकर जागं झालं. पेटी सावकाश डोळे चोळत उठणारी. वरच्याने हाक मारली तेव्हा पेटीने ओ दिली नाही, म्हणून दोघांची जोडणी झालीच नाही. पण ज्या दाराने नक्कल पेटीत जायची, त्या नावाचं एक रिकामं फोल्डर वरच्या यंत्राच्या स्वतःच्याच डिस्कवर होतं. तसं ते असावंच लागतं. पेटी जोडली की त्याच्यावर येऊन बसते. पेटी जोडलेली नव्हती. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम बिचारा रोज साडेसहाला त्या फोल्डरपाशी यायचा, जागा दिसली म्हणून सगळं सामान तिथेच ठेवायचा आणि काम फत्ते म्हणून हिरवी खूण धाडायचा. एकवीस सकाळी वरच्या यंत्राने स्वतःचीच नक्कल स्वतःच्याच पोटात भरली होती. पोट इतकं भरलं होतं की आणखी चार दिवसांत ते बंदच पडलं असतं.

म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचं सगळं पेटीत होतं. तीन आठवड्यांतलं नव्हतं. आणि या तीन आठवड्यांत काय टिपलं होतं, तर तेच चारशे अठरा साचे. ते आता फळीवर होते आणि वरच्या फुगलेल्या यंत्रात. शनिवारी फळीवरचे फुटणार होते.

पेटी पुन्हा जोडायला दाजींना चार मिनिटं लागली. त्या रिकाम्या फोल्डरला असं कुलूप घातलं की पेटी जोडलेली नसेल तर त्यात एक अक्षरही लिहिता येऊ नये, प्रोग्रॅमने ओरडावं. आधी हे केलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. हे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि दाजींनी ती सगळी वाचली होती. मग पूर्ण नक्कल नव्याने सुरू केली. एवढा साठा वायरीतून उतरायला शुक्रवारची पहाट होणार होती.

म्हणजे शनिवारच्या आत सगळं जागेवर. कुणाला कळायचं कारण नव्हतं. बाईंना सांगितलेलं वाक्य सोमवारी खोटं होतं, शुक्रवारी खरं होणार होतं. साचे फुटले तरी नुकसान काहीच नाही. दाजी दिवसभर याच हिशेबात होते, हे पट्टे शिवणाऱ्या बाईने ओळखलं. कारण त्यांनी तिच्या चहात स्वतःचा चहा ओतला आणि रिकामा कप तिला दिला.

संध्याकाळी ताई शेवटच्या शिकाऊ माणसाला सोडून त्यांना घ्यायला आली. गाडी वळणावर उभी होती तिथेच त्यांनी तिला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की उद्या सकाळपर्यंत सगळं बरोबर होईल, मग सांगायची गरज आहे का? ताईचा पाय ब्रेकवर गेला. गाडी चालूच नव्हती.

"त्याचे टोमॅटो आपण संपवले," ती म्हणाली. "सकाळी. दोघांनी मिळून. तुम्ही न केलेल्या उपकाराचे. आता काय ते बघा."

एवढंच बोलली आणि आरशात बघून गाडी काढली.

शुक्रवारी सहाला मेहुणा आला तर दाजी त्याच्या स्टुलावर बसलेले. मेहुणा पाण्यात प्लास्टर कालवायला लागला, आणि माझी जागा सोडा, असं त्याने हाताने सुचवलं. दाजी उठले, पण गेले नाहीत.

"मी पेटीची वेळ बदलली नव्हती," ते म्हणाले.

"मग आवाज कसा बंद झाला?"

"काम बंद पडलं होतं म्हणून. एकवीस दिवस पेटीत काही गेलंच नाही. तुझ्या त्या चारशे अठरांतला एकही नाही."

मेहुण्याचा हात थांबला. "म्हणजे सोमवारी बाईंपुढे तुम्ही जे बोललात…"

"ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच. मी पेटी उघडून बघितली नाही, हिरवी खूण बघितली."

"आणि आज?"

"आज आहे. पाच वाजता पूर्ण झालं."

"मग मला कशाला सांगताय? मला कळलं असतं का?"

"नसतं," दाजी म्हणाले. "पण तू माझ्या शब्दावर हो म्हणालास. तो शब्द मी परत घेतो. आता तू पहिल्यापासून ठरव. नको म्हणालास तर बाईंना मी सांगतो, दोष माझा आहे म्हणून."

मेहुण्याने हातातला कालथा सोडून दिला. भांड्यातलं प्लास्टर हळूहळू घट्ट होत गेलं आणि त्यात कालथा उभा राहिला. बारा वर्षांत त्याचं एक भांडं वाया गेलं नव्हतं. साडेसहा वाजले आणि भिंतीपलीकडे गुणगुण सुरू झाली. दोघांनीही तिकडे बघितलं.

"टोमॅटो परत करा," मेहुणा म्हणाला.

"खाल्ले."

"सगळे?"

"सगळे."

"ताईने पण?"

"तिने जास्त."

मेहुण्याने कालथा उपटायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. मग म्हणाला, "तुमची हिरवी खूण मला नको. वरचं यंत्र बंद करा, पूर्ण, दिवेसुद्धा. आणि मग या पेटीतून माझी माणसं बाहेर काढून दाखवा. कुठली, ते मी सांगणार."

दाजींनी आठला बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई चष्म्याच्या वरून बघत ऐकत राहिल्या. पंधरा मिनिटं त्या दाजींना काय बोलल्या ते मला पूर्ण कळलं आहे, पण इथे लिहिणार नाही. दाजींनाही म्हातारपणी हे वाचावंसं वाटेल. शेवटी म्हणाल्या, दुपारी एक ते तीन यंत्र बंद ठेवा, आणि मीही येते बघायला.

एक वाजता दाजींनी वरचं यंत्र बंद केलं. मेहुण्याने जिना चढून दिवे विझलेत की नाही ते स्वतः पाहिलं, वर हात लावून गार पडत चाललंय का तेही पाहिलं. खाली स्वागतकक्षातला एक जुना, जाडजूड संगणक आणून ठेवला होता, कुणी फेकून द्यायच्या बेतात असलेला. पेटीतून मापांचं यंत्र त्याच्यावर उभं करायचं होतं. दाजींनी सुरुवात केली आणि एक रेघ पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. तासभर सरकत होती. तेवढ्यात कुणी घरून आणलेला डबा संपवला, कुणी झोप काढली, रखवालदार दार सोडून तीनदा आत डोकावून गेला. दाजी मात्र रेघेकडे असे बघत होते की जणू नजर हलली तर ती मागे जाईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी ते जुनं यंत्र जागं झालं आणि यादी आली. मेहुणा पडद्याकडे पाठ करून बसला. मांडीवर कापडात झाकलेले तीन साचे, हातात रुंदी मोजायचा कॅलिपर. पहिला क्रमांक त्याने सांगितला: सायकली दुरुस्त करणारा. गुडघ्याखाली चार बोटांवरची रुंदी मोजून त्याने कागदावर लिहिली, कागद बाईंच्या हातात दिला, मग दाजींनी पडद्यावरची वाचली. तंतोतंत. अजून तीन जागा मोजल्या, तिन्ही जुळल्या. बाईंनी मान हलवली.

दुसरी ग्रंथपाल. पहिल्या दोन जागा जुळल्या. तिसरीला कागदावर एक्याऐंशी, पडद्यावर त्र्याऐंशी.

दोन मिलिमीटर म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दाजींनी सबब सांगितली नाही. म्हणाले, "पुन्हा मोज. माझंच चुकलेलं असेल."

मेहुण्याने पुन्हा मोजलं. एक्याऐंशीच. मग त्याने साचा खिडकीपाशी नेला, अंगठा त्या जागेवरून फिरवला, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"परवा घासला," तो खाली बघून म्हणाला.

बाईंना कळेना. "काय घासला?"

"साचा. त्या बाजूला जरा कंगोरा राहिला होता. मापं टिपली तेव्हा होता. परवा दिसला, मग घासला."

"शनिवारी फोडायचा साचा बुधवारी घासून गुळगुळीत केलास?"

"खडबडीत कसा फोडायचा?" मेहुणा म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

आणखी किती घासलेस, असं बाईंनी विचारल्यावर तो आधी पाच म्हणाला, मग दहा, आणि पट्टे शिवणारी बाई नुसती बघत राहिली तेव्हा चाळीसेक म्हणाला. तेव्हा सगळ्यात आधी दाजी हसले. त्यांच्या हसण्यात किती भीती बाहेर पडत होती ते बघण्यासारखं होतं. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. मेहुणा मात्र हसला नाही. त्याने तिसरा साचा मोजला, तो जुळला. मग साचे कापडात गुंडाळले आणि दाजींकडे न बघता म्हणाला, "त्र्याऐंशीच बरोबर, तिचा पेला घासण्याआधीच्याच साच्यावरचा आहे. फोडा उद्या."

शनिवारी दोन मजूर आले. मेहुण्याने त्यांना सांगितलं की प्रत्येक साच्याचा क्रमांक आधी मोठ्याने वाचायचा. तो यादी घेऊन दाराशी बसला आणि एकेकावर रेघ मारत गेला. मधूनमधून एखाद्या क्रमांकाला त्याच्या तोंडून माणूस निघायचा: "हिला जिना चढायचा असतो रोज", "हा आता नाचतो". मजुरांना काही कळत नव्हतं, पण ते थांबायचे, मग हातोडा मारायचे. संध्याकाळ झाली. हातोड्याचा दांडा सैल होता, अशी तक्रार त्याने जाताना केलीच.

सोमवारी सकाळी दाजी आपल्या टेबलाशी आले तर तिथे एक चिठ्ठी. चार आकडी क्रमांक आणि खाली लिहिलेलं: "पेटीतून काढून दाखवा." दाजींनी जुना संगणक पुन्हा मांडला, त्या क्रमांकाचा माणूस पेटीतून काढला, मापं छापली आणि साचेकाराच्या बाकावर नेऊन ठेवली. मेहुण्याने कागद वाचला, घडी केली, खिशात टाकली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसरी चिठ्ठी.

आता दर महिन्याला हे चालतं. बाईंनी त्याला कामाच्या वेळापत्रकात जागा दिली आहे, आणि दाजींच्या ओळखीतल्या दुसऱ्या दोन ठिकाणच्या संगणकवाल्यांनीही ही रीत उचलली आहे. पण त्यांच्याकडे चिठ्ठी लिहिणारा मेहुणा नाही, त्यामुळे ते स्वतःच क्रमांक निवडतात आणि सोपे निवडतात. मेहुणा सोपे देत नाही. एकदा तर त्याने अस्तित्वातच नसलेला क्रमांक दिला. दाजी अडीच तास पेटी उपसत होते आणि हा शेजारी बसून चहा पीत होता. बाईंनी त्याला झापलं. तो म्हणाला, नसलेला माणूस नाही म्हणून सांगतात की कुणालाही काढून देतात, तेही बघायला नको का? दाजींनीही मान्य केलं की मुद्दा बरोबर आहे. फक्त तो अडीच तासांनी सांगायला नको होता.

सराव आता बंद दाराआड होतो. दांड्यांना धरून माणसं चालतात, पडतात, उठतात. भिंतीच्या अलीकडे मेहुणा सकाळी प्लास्टर कालवत असतो. या महिन्याचा क्रमांक कुणाचा, म्हणून दाजी शुक्रवारपासून त्याच्या मागे लागतात, ताईकडूनही काढून घ्यायचा प्रयत्न करतात. तो कुणालाच ताकास तूर लागू देत नाही.